झिंग्याला अंडी आली, पिल्लं कुठं गेली?

"मादीला अंडी आलीत, आता काय खायला घालू?" असा फोन मला घरी काचेच्या टाकीत झिंगे पाळणाऱ्यांकडून वर्षातून आठ-दहा वेळा येतो. सांगलीच्या विश्रामबागेतून येतो, मिरजेतून येतो, एकदा विट्याहून आला होता. बोलणारा खुशीत असतो. महिन्याभरानं त्याचाच दुसरा फोन येतो आणि आवाज पडलेला असतो. अंडी नाहीशी झाली, पिल्लू एकही नाही, मादी मात्र ठणठणीत. "काय ओ, तिनंच खाल्ली असतील का?"

तिनं नाही खाल्ली. बहुतेक वेळा पिल्लं झालेली असतात. दोन मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक पिल्लू टाकीत जन्मतं आणि आपल्याला दिसायच्या आधीच मरतं किंवा कुणाच्या तरी तोंडात जातं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: या झिंग्यांना पिल्लं व्हावीत म्हणून फारसं काही करावं लागत नाही. सगळी खटपट असते ती पिल्लं पहिले पंधरा दिवस टिकावीत म्हणून. आणि ती खटपट अंडी दिसल्यावर सुरू करून उपयोग नसतो, त्याच्या दीड-दोन महिने आधी करायची असते.

हे झिंगे कोणते?

दुकानात यांना 'श्रिंप' म्हणतात. आपल्याकडे बाजारात सुकट आणि जवळा मिळतो, नदीला झिंगे सापडतात, त्यांचेच हे दूरचे भाऊबंद. लाल रंगाचा, जेमतेम तीन सेंटिमीटर भरणारा 'चेरी' झिंगा सगळ्यांत जास्त विकला जातो. त्याचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ गाव चीन आणि तैवानकडचे ओढे. तिथला रानटी झिंगा लाल नसतो, मातकट तपकिरी असतो. पिढ्यानपिढ्या लालसर पिल्लं निवडून पाळणाऱ्यांनी हा रंग पक्का केला. पिवळा, निळा, नारिंगी, काळा हे सगळे त्याच एका जातीचे. आयुष्य एक ते दोन वर्षं.

जात आधी पाहायचं कारण वेगळं आहे. झिंग्यांत दोन तऱ्हा असतात. चेरीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते आईची छोटी प्रत असतं. दहा पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या तऱ्हेत अंड्यातून अळी बाहेर पडते, ती नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे वाहत जाते, खाऱ्या पाण्यात वाढते आणि झिंग्याचं रूप आलं की परत गोड्या पाण्याकडे चढते. शेवाळ खाण्यात पटाईत असलेला 'अमानो' झिंगा या दुसऱ्या तऱ्हेचा. ताकाशी अमानो या जपानी मत्स्यालयकारानं तो जगभर पोहोचवला, म्हणून त्याला हे नाव. त्याच्या मादीला टाकीत अंडी येतात, अळ्याही निघतात, पण गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत मरतात. आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात त्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीचंही असंच. तिचं बीज हॅचरीतून, मचूळ पाण्यात वाढवून आणावं लागतं. त्यामुळे तुमच्याकडे अमानो असेल तर पिल्लांची वाट बघू नका, तो दोष तुमचा नाही. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे महागडे 'क्रिस्टल' झिंगे टाकीतच पिल्लं देतात, पण त्यांना आम्लधर्मी, हलकं आणि थंड पाणी लागतं. सांगलीत पहिल्याच दिवशी त्यांच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं सगळं चेरीबद्दल.

किती आणायचे?

लोक चार आणतात. लहान वयात नर-मादी ओळखू येत नाहीत. मोठेपणी मादी अंगानं भरलेली, रंगानं गडद आणि पोटाखाली गोलाई असलेली दिसते, नर सडपातळ आणि फिकट. पण दुकानात असतात ती बहुधा पोरंच. समजा नर-मादीचं प्रमाण अर्धं-अर्धं आहे. मग चार झिंगे आणले तर चारही नर किंवा चारही माद्या निघायची शक्यता आठात एक. दहा आणले तर तीच शक्यता पाचशे बारात एक. म्हणून दहा आणा. टाकी वीस लिटरच्या खाली नको, चाळीस असेल तर उत्तम. तांब्याभर पाणी ऊन लागताच तापतं, हंडाभर पाण्याला वेळ लागतो. मोठ्या टाकीत तुमची चूक उशिरा पोहोचते, आणि नवशिक्याला तेवढा उशीर फार मोलाचा असतो.

मादीच्या पाठीवरची खोगीर

चार-पाच महिन्यांची मादी वयात आली की तिच्या डोक्यामागे पाठीवर पिवळसर किंवा हिरवट ठिपका दिसतो. घोड्यावर खोगीर ठेवावं तसा. ही अजून पोटात असलेली, फलन न झालेली अंडी. मग एके दिवशी ती कात टाकते. त्याच वेळी तिच्या अंगातून पाण्यात एक गंध सुटतो आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे गरगर पोहायला लागतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पाण्यात विष गेलं म्हणून मी अर्धं पाणी उपसलं होतं. फरक असा ओळखायचा: नुसते नर फिरतायत आणि माद्या मजेत चरतायत, तर लगीनघाई आहे. सगळेच उसळून वर येतायत, तर घात आहे.

मिलन झालं की अंडी पोटाखालच्या वल्ह्यासारख्या पायांत येतात. साधारण वीस ते तीस, मोठ्या मादीला त्याहून जास्त. गाभण म्हशीसारखं पोट फुगत नाही, द्राक्षाचा बारका घड लटकल्यासारखा दिसतो. मादी ते पाय सतत हलवून अंड्यांना वारा घालत राहते, म्हणजे ताजं पाणी फिरतं आणि बुरशी धरत नाही. पाणी गार असेल तर पाच आठवडे, उबदार असेल तर तीन. शेवटी अंड्यांत काळे ठिपके दिसायला लागतात. ते पिल्लांचे डोळे. पिल्लं निघाली की काही दिवसांत मादी पुन्हा कात टाकते, पुन्हा नर गरगरतात. पोट रिकामं झाल्यावर पुन्हा भरायला तिला कुठलं टॉनिक लागत नाही.

पहिलटकरीण मादी बऱ्याचदा अंडी सांडते. दोन-चार वेळा चुकून मग तिला जमतं. त्यावर उपाय नाही आणि गरजही नाही. सराईत माद्या वारंवार अंडी सांडायला लागल्या तर मात्र पाण्याकडे बघायचं.

टाकी पिकावी लागते

माझे पहिले पंधरा झिंगे तीन दिवसांत गेले. नवी टाकी, नवी वाळू, त्याच दिवशी भरलेलं स्वच्छ पाणी. दुकानदार म्हणाला होता, "एकदम क्लीन हाय, सोडा बिनधास्त." पाणी स्वच्छ होतं हीच अडचण होती.

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पटकन कळतं. कच्चं शेणखत पिकाच्या मुळाशी टाकलं तर पीक करपतं. तेच कुजवून टाकलं तर पीक तरारतं. मधल्या काळात जमिनीतले जिवाणू काम करून गेलेले असतात. टाकीतही तेच. झिंग्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते थोड्या प्रमाणात चालतं, वनस्पती ते खातात. युरिया टाकल्यावर शेतात जी साखळी चालते ती हीच. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर, पानांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. याला टाकी 'सायकल होणं' म्हणतात. मी टाकी पिकणं म्हणतो.

या काळात झिंगे नसतात, नुसती टाकी चालू असते. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. जुन्या, निरोगी टाकीतला पिळलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. दह्याला विरजण लागतं तसंच. पाणी तपासायचं टेस्ट किट अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबायचं. टेस्ट किट महाग वाटतं, पण पंधरा मेलेल्या झिंग्यांच्या किमतीपेक्षा फार नाही.

एक बारीक पण आपल्याकडे महत्त्वाची गोष्ट. पाणी जितकं अल्कलीकडे झुकलेलं, तितका त्यातला अमोनिया जास्त विषारी. पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा म्हणजे पीएच. तो ७ वरून ८ वर गेला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे गोड्या नदीच्या पाण्यात खपून गेलेली चूक बोअरच्या पाण्यात खपत नाही.

नदीचं पाणी, बोअरचं पाणी, फिल्टरचं पाणी

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. तो मोजायला प्रयोगशाळा नको. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरा थर धरतो. तो थर म्हणजेच जडपणा. झिंग्याला तो हवा असतो, पण बेतानं. त्याचं कवच कॅल्शियमवर उभं असतं. किटच्या बाटलीतले थेंब मोजून जो आकडा येतो त्याला जीएच म्हणतात. चेरीसाठी तो ६ ते १० असला की काम होतं. पीएच ६.५ ते ८.

टीडीएस हा दुसरा आकडा. पाण्यात एकूण काय-काय विरघळलंय त्याची बेरीज. चेरीला १५० ते ३०० सोयीचं. लोक टीडीएस मीटर घेतात आणि तेवढ्यावरच जीव टांगतात. तो मीटर वजनकाटा आहे. पिशवीत पाच किलो आहे एवढं सांगतो, गूळ आहे की मीठ हे सांगत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जमिनी क्षारपड झाल्यात हे इथं कुणाला सांगायला नको. अशा पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात टीडीएस भरपूर असतो, पण त्यात सोडियमचा वाटा मोठा असू शकतो आणि सोडियमनं कवच बनत नाही. म्हणून टीडीएस आणि जीएच दोन्ही बघायचे.

नळाला येणारं नदीचं पाणी बहुतेक वेळा चेरीला मानवतं. त्यात क्लोरीन असतं, ते झिंग्यांना आणि आपल्या पिकवलेल्या जिवाणूंना दोघांनाही मारतं. उघड्या बादलीत हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवलं की ते उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब. पावसाळ्यात नदी गढूळ होते, तेव्हा शुद्धीकरणात क्लोरीनही जास्त पडतं. नळाचा वास उग्र आला तर आठवडाभर पाणी बदलू नका, काही बिघडत नाही.

बोअरशिवाय इलाज नसेल तर घरच्या आरओच्या पाण्यात मिसळा. समजा बोअरचा टीडीएस ९०० आणि आरओचा ५० आहे. एक तांब्या बोअरचं, चार तांबे आरओचं घेतलं की २२० येतो. आणि नुसतं आरओचं पाणी? "सगळ्यात शुद्ध तेच की ओ!" शुद्ध आहे, म्हणूनच नको. त्यात कवचापुरतं कॅल्शियमच नसतं.

कात अडकते तेव्हा

वाढायचं तर झिंग्याला जुनं कवच फोडून बाहेर यावं लागतं. पिल्लं दर थोड्या दिवसांनी कात टाकतात, मोठे तीन-चार आठवड्यांनी. मान आणि पाठीच्या सांध्यात कवच चिरतं आणि झिंगा एका झटक्यात बाहेर पडतो. मागे राहिलेलं रिकामं कवच बघून नवे लोक घाबरतात, "मेला की!" म्हणून फेकून देतात. फेकू नका. ते झिंगेच खातात, त्यातलं कॅल्शियम परत मिळतं.

कात नीट निघाली नाही तर मानेभोवती सरळ पांढरी कडी दिसते आणि झिंगा त्यातच अडकून मरतो. कारण बहुधा दोनपैकी एक: पाण्यात कॅल्शियम कमी, किंवा पाणी एकदम खूप बदललेलं. हे दुसरं जास्त होतं. रविवारी सुट्टी आहे म्हणून माणूस अर्धी टाकी रिकामी करून घासतो, नवं पाणी ओततो. त्या धक्क्यानं तयारी नसलेल्या झिंग्यांचीही कात सुटते. मादीच्या पोटाखाली अंडी असली तर ती कातेबरोबरच जातात. "माझ्या मादीची अंडी गेली" या तक्रारींतल्या किती तरी सोमवारी येतात.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. नवं पाणी टाकीतल्याच तापमानाचं असू द्या आणि बारीक नळीनं हळूहळू सोडा. दुकानातून आणलेल्या झिंग्यांनाही टाकीच्या पाण्याची ओळख अशीच करून द्यायची. पिशवीतलं पाणी भांड्यात ओतायचं, हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतून थेंब थेंब सोडायचं. सलाईनसारखं. दीड-दोन तास.

आता मुख्य गोष्ट: पिल्लं

पिल्लू जन्मतं तेव्हा ते खायला शोधत फिरत नाही. जिथं पडलं तिथंच चरतं. पहिले आठ-दहा दिवस त्याची धाव जेमतेम वीतभर. म्हणजे टाकीच्या एका कोपऱ्यात तुम्ही महागडी गोळी टाकली तर मोठे झिंगे तिच्यावर गर्दी करतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं पिल्लू उपाशी राहतं. त्याला जेवण पायाखाली लागतं.

हे जेवण म्हणजे प्रत्येक ओल्या वस्तूवर धरणारा बुळबुळीत थर. जिवाणू, सूक्ष्म शेवाळ, बुरशी, बारीक जीव यांचा. पावसाळ्यात घाटाच्या पायरीवरून पाय घसरतो तो याच थरानं. इंग्रजीतून आलेलं नाव 'बायोफिल्म', आपल्याला बुळबुळ म्हटलं तरी चालेल. तुम्ही टाकी चकचकीत ठेवता, काच पुसता, लाकूड ब्रशनं घासता, तेव्हा पिल्लांचं ताट घासून ठेवता. माझ्या सगळ्यांत जास्त पिल्लं देणाऱ्या टाकीच्या मागच्या काचेवर हिरवं शेवाळ आहे आणि पाहुणे आले की बायको त्यापुढे कॅलेंडर टेकवून ठेवते.

बुळबुळ वाढवायचा स्वस्त उपाय शाळेच्या आवारात सापडतो: जंगली बदामाची लाल होऊन गळलेली पानं. धुवायची, कडकडीत वाळवायची, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं घालून टाकीत सोडायची. वीस लिटरला एक पान पुरे. पाणी चहासारखं होतं, त्याला घाबरू नका. पान आठवड्यात मऊ पडतं आणि महिन्याभरात त्याची नुसती जाळी उरते. पेरूची वाळलेली पानंही चालतात. शेताच्या बांधावरची आणू नका, कारण पुढे येतंच.

दुसरी गरज आडोशाची. जावा मॉस नावाचं शेवाळासारखं झुबकेदार रोप येतं, माती लागत नाही, उजेड कमी चालतो. मुठभर मॉस म्हणजे पिल्लांची अंगणवाडी. पृष्ठभाग जितका जास्त तितकी बुळबुळ जास्त, हा त्यातला दुसरा फायदा.

मग फिल्टर. पाठीमागे टांगायचा किंवा पाण्यात बुडवायचा मोटरवाला फिल्टर पिल्लांना ओढून घेतो. किती तरी जणांची पिल्लं त्या डबीत सापडलीत, काही तर तिथं जिवंत वाढलेली. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. ओढ मंद, जिवाणूंना घर, आणि स्पंजावरची बुळबुळ चरायला पिल्लं स्वतःहून येतात. धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही.

आणि मासे. "गप्पी तर एवढासा, तो काय खाणार?" डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं ज्याला हौदात सोडतं तोच हा गप्पी. दोन मिलिमीटरचं पिल्लू त्याला अळीपेक्षा वेगळं वाटत नाही. ज्या माशाच्या तोंडात पिल्लू मावतं तो ते खातो. गोल्डफिश आणि फायटर तर मोठ्यालाही सोडत नाहीत. दाट मॉस असेल तर गप्पींबरोबरही थोडी पिल्लं वाचतात, पण मनापासून पिल्लं हवी असतील तर टाकी फक्त झिंग्यांची ठेवा. गोगलगाय चालते.

खायला काय, हा फोनवरचा पहिला प्रश्न होता. उत्तर: थोडं. उकडलेलं पालकाचं पान, काकडीची चकती, झिंग्यांच्या खाण्याची लहान गोळी, आठवड्यातून तीन-चार वेळा. दोन-तीन तासांत संपलं नाही तर काढून टाका. उरलेल्या खाण्यावर प्लॅनेरिया नावाचे बाणासारख्या डोक्याचे चपटे पांढरे किडे माजतात आणि ते नवजात पिल्लांवर ताव मारतात. त्यांच्यावर मिळणाऱ्या औषधांपैकी एकात चक्क सुपारीचा अर्क असतो. पण आधी खाणं कमी करा, किडेही कमी होतात.

एप्रिल-मे

सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. झिंग्यांना मानवतं २२ ते २६. तिशीपर्यंत ते तग धरतात, बत्तिशीकडे अंडी धरणं थांबतं. दुहेरी अडचण असते: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच उष्णतेनं झिंग्याची गरज वाढते. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. शिवाय प्रयोगांत असंही दिसलंय की गार पाण्यात वाढलेल्या पिल्लांत माद्या जास्त निघतात आणि उबदार पाण्यात नर.

उपाय माठाचा. माठ झिरपतो, पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि पाण्यावर तिरका वारा येईल असा लहान पंखा लावा. दोन ते चार अंश सहज उतरतात. पावसाळी दमट हवेत हे तितकं चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फ टाकू नका, तो धक्का कात सोडवतो.

यात एक मेख आहे. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तसतशी काकवी गोड होत जाते, तसा टाकीचा टीडीएस चढत जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं घालायची. बोअरच्या पाण्यानं भर घालत राहिलात तर मे संपेपर्यंत टाकीचं खारं डबकं होईल. आणि भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, ते वेगळं करायचंच.

लाईट गेल्यावर काय? झिंगे चार-पाच तास सहज काढतात. २०१९ च्या पुरात आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हापासून सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असतो. तोपर्यंत मी तांब्यानं पाणी वर उचलून ओतत बसायचो, दर तासाला. ते बघून आई म्हणाली, "माणसं छपरावर बसलीत आन् तू झिंग्याला वारा घाल." ती बरोबरच होती. झिंगे मात्र वाचले.

बोर्डो, अबेट आणि बाजारची पालक

झिंगा आणि कीटक हे जवळचे नातेवाईक. कीटक मारायला जे बनवलंय ते झिंग्यालाही मारतं. डासांच्या कॉइल आणि लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड वर्गाची औषधं असतात. माणसाला ती सौम्य, झिंग्याला जहाल. टाकी असलेल्या खोलीत फवारा मारू नका. गल्लीत धुराचं यंत्र आलं तर खिडक्या लावा, टाकी ओल्या चादरीनं झाका आणि हवेचा पंप तासभर बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. आरोग्य कर्मचारी घरच्या साठवणीच्या पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या मारायचं अबेट हे औषध टाकतात. ते त्यांचं काम आहे, टाकू द्या, पण ते पाणी झिंग्यांना नको. झिंग्यांसाठी दोन कॅन वेगळे भरून ठेवा.

तांब्याची गोष्ट विचित्र आहे. आपल्या रक्तात लोह, तसं झिंग्याच्या रक्तात तांबं. प्राणवायू तेच वाहून नेतं, म्हणून त्याचं रक्त निळसर. पण तेच तांबं पाण्यात विरघळलेलं असलं तर विष. चपातीवर मीठ लागतं म्हणून मुठीनं मीठ खाता येत नाही. माशांच्या रोगावरच्या कित्येक औषधांत तांबं असतं, बाटलीवरचं वाचा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी तुम्ही प्या, झिंग्यांना देऊ नका. आणि द्राक्षाच्या पट्ट्यात, तासगावपासून मिरजेपर्यंत, बोर्डो मिश्रण फवारतात ते मोरचूद आणि चुन्याचं. मोरचूद म्हणजेच तांबं. बागेशेजारची पानं नकोत म्हटलं ते यासाठी. माझी एक सबंध टाकी बाजारच्या पालकाच्या एका पानानं गेली. नुसतं धुऊन घातलं होतं. तेव्हापासून पालक गच्चीवरच्या कुंडीतला.

"पण रक्तातल्या रक्तात…?"

हा आक्षेप वडीलधारी मंडळी हमखास घेतात. भावंडांत पैदास झाली तर वाण बिघडणार नाही का? काही पिढ्या बिघडत नाही, पण पुढे पिल्लं कमी होतात, बारीक राहतात. वर्षातून एकदा दुसऱ्या माणसाच्या टाकीतले पाच-सहा त्याच रंगाचे झिंगे आणून मिसळा.

त्याच रंगाचे, हे महत्त्वाचं. लाल आणि निळे एकत्र ठेवले तर जांभळे होत नाहीत. दोन-तीन पिढ्यांत पिल्लं मूळच्या मातकट तपकिरीकडे परततात. प्रत्येक रंग हा वेगळ्या फेरफारांच्या निवडीनं आलेला असतो, मिसळ केली की ते फेरफार एकमेकांना झाकून टाकतात. लाल टाकीतही फिकट निघालेली पिल्लं वेगळी काढावी लागतात. आणि रंग फिका दिसला म्हणून लगेच वाण घसरलं समजू नका. पांढऱ्या वाळूवर झिंगा स्वतःला फिका करून घेतो, काळ्या वाळूवर गडद.

"मग याचा धंदा होईल का?"

व्हिडिओत म्हणतात होईल. हिशोब करून बघू. दहा झिंग्यांत सहा माद्या, प्रत्येकीला पंचवीस पिल्लं, निम्मी जगली तर एका खेपेला पंच्याहत्तर. चार महिन्यांत त्यातल्या माद्या वयात येतात. वर्षात काही शे झिंगे होतात हे खरं. पण ते विकत घेणारे सांगली-मिरजेत किती आहेत? एकदा घेतलेल्याकडे स्वतःचीच पिल्लं होतात, तो परत येत नाही. कुरिअरनं पाठवायचे तर मे महिना आडवा येतो. झिंग्यांच्या खाण्याचा आणि मॉसचा खर्च सुटला की मी खूश असतो. म्हशीच्या जागी झिंगे ठेवून कर्ज काढणाऱ्याला मी अडवीन.

जास्त झाले की

द्या. झाकण असलेल्या दह्याच्या डब्यात थोडा मॉस घालून वीस झिंगे तासाभराच्या प्रवासात आरामात जातात. शाळेतल्या पोरांना द्या, आठ दिवस ती डोळे लावून बसतात. आई अजून विचारते, एवढ्यांचं कालवण किती जणांना पुरेल.

कृष्णेत मात्र सोडू नका, विहिरीत नको, ओढ्यात नको. जर्मनी आणि पोलंडमध्ये वीजनिर्मिती केंद्रांच्या गरम पाण्यावर उबदार राहणाऱ्या प्रवाहांत लोकांनी सोडलेले हेच झिंगे वस्ती करून बसलेत. हवाईतही पोहोचलेत. आपल्या नद्यांत बाहेरून आलेल्या चिलापी (तिलापिया) माशानं काय केलं ते जाळं टाकणाऱ्या कुणालाही विचारा. सह्याद्रीच्या ओढ्यांत इथलेच छोटे झिंगे आहेत, त्यांतले काही जगात दुसरीकडे नाहीत. टाकीतलं काढलेलं पाणीसुद्धा मी गटारीत न ओतता कुंडीत ओततो. त्यात पिल्लू असलं तर तिथंच राहतं, आणि त्या नायट्रेटवर पालक जोरात येते. रात्री दिवे घालवून बॅटरीचा झोत आधी बादलीत मारून बघतो. परवा अकरा सापडली. चहाच्या गाळणीनं उचलून परत सोडली.